गाठ कोणी बांधली?

‘सायको’ जवळजवळ तयार झाला होता. न्हाणीघरातल्या त्या पाऊण मिनिटाच्या खुनासाठी आल्फ्रेड हिचकॉकने 1959 च्या डिसेंबरात सुमारे आठवडाभर चित्रीकरण केलं होतं. कॅमेऱ्याच्या 78 मांडण्या आणि 52 तुकडे, असा त्या प्रसंगाचा हिशेब आता चित्रपटाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, कारण कृष्णधवल पडद्यावर ते खरं वाटतं. संकलकाने, सहायकांनी आणि स्वतः हिचकॉकने तो प्रसंग पुन्हा पुन्हा तपासला होता. तरीही फरशीवर निष्प्राण पडलेल्या नायिकेची, जॅनेट लीची, एक बारीकशी हालचाल प्रतीत राहून गेली. ती टिपली आल्मा रेव्हिलने. आल्मा ही हिचकॉकची पत्नी. पण मूकपटांच्या काळापासून संकलनाचं आणि कंटिन्युइटी सांभाळण्याचं काम तिने स्वतः केलेलं होतं. मेलेली बाई अजून जिवंत आहे, हे तिच्या नजरेने पकडलं आणि तेवढा भाग कापला गेला. ती हालचाल नेमकी कसली होती, याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही. कोणी म्हणतं पापणी लवली, कोणी म्हणतं तिने आवंढा गिळला.

एवढं होऊनही एक चूक राहिलीच. चित्रपट लागल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांची हिचकॉकला पत्रं आली. मृत्यूनंतर बाहुल्या विस्फारतात. पडद्यावरच्या त्या मोठ्या डोळ्यातली बाहुली मात्र दिव्यांच्या उजेडामुळे बारीक झालेली होती. बेलाडोनाचे थेंब घातले की बाहुली हवी तशी मोठी होते, हा उपायही त्यांनी कळवला. मला या पत्रांविषयी फार आदर वाटतो. कामाच्या धबडग्यातला एक डॉक्टर चित्रपटाला जातो, भेदरून बाहेर येतो आणि तरीही मेलेल्या माणसाचा डोळा असा नसतो हे कळवायला कागद पुढे ओढतो. त्यामागे दिग्दर्शकाचा पाणउतारा करण्याची हौस असेल, असं मला वाटत नाही. जे आपल्याला खरोखर ठाऊक आहे ते खोटं दाखवलं गेलं तर गप्प बसवत नाही, एवढीच ती ओढ असते.

चित्रपटात अशा चुका का होतात, हे समजलं की त्यांच्याविषयी राग उरत नाही. चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. शेवट पहिल्या आठवड्यात होतो आणि सुरुवात महिन्याने. दार बाहेरून ठोठावलं जातं एका गावात आणि उघडतं दुसऱ्या गावातल्या स्टुडिओत. सिगारेट कितपत जळली होती, पेल्यातलं पाणी कुठवर होतं, शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं की मोकळं, याच्या नोंदी ठेवणारं एक माणूस सेटवर सतत उभं असतं आणि प्रेक्षकांना त्याचं नावही माहीत नसतं. डेव्हिड फिंचरच्या ‘सेव्हन’मध्ये पावसातल्या पाठलागाचं दृश्य करताना ब्रॅड पिटचा हात मोटारीच्या काचेतून आरपार गेला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. उरलेल्या चित्रपटात त्याच्या हाताला दिसतं ते प्लास्टर खरं आहे. कथेनेच ती जखम आपली म्हणून घेतली. पाठलागाच्या आधी घडणारे जे प्रसंग नंतर चित्रित झाले, त्यांत मात्र तो हात झाकावा लागला. अपघातालाही कथेत जागा करून देणारी ही माणसं पाहिली की, एखाद्या दृश्यात घड्याळाचा काटा मागे सरकला म्हणून त्यांना धारेवर धरावंसं वाटत नाही.

मग सीरियल किलरचे चित्रपट पाहताना आपण एवढे काटेकोर का होतो? प्रेमकथेत नायिकेच्या कानातलं बदललं तर फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. खुनाच्या कथेत ते बदललं की आपण सावरून बसतो. कारण बारकाईने पाहण्याची अट याच कथांनी आपल्याला घातलेली असते. इथे गालिच्यावरची राख, सांडलेला चहा, उलटा लावलेला फोटो, प्रत्येक गोष्ट काहीतरी सांगते, असं पहिल्या दहा मिनिटांत आपल्या मनावर बिंबवलं जातं. आणि इथेच या प्रकाराची खरी अडचण सुरू होते. पडद्यावर चूक आणि पुरावा अगदी सारखेच दिसतात. आधीच्या दृश्यात टेबलावर असलेली सुरी पुढच्या दृश्यात नसेल, तर ती खुन्याने उचलली की सेटवरच्या मुलाने, हे प्रेक्षकाने कसं ओळखायचं? तो बिचारा सुरी लक्षात ठेवून शेवटपर्यंत थांबतो. शेवटी सुरीचा विषयच निघाला नाही तर त्याने दिलेलं लक्ष वाया जातं. रहस्यकथेत वाचकाने दिलेल्या लक्षाइतकी मोलाची दुसरी वस्तू नसते.

माझे मामा जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदारांचे जबाब आणि वकिलांच्या उलटतपासण्या उतरवून घेण्यात त्यांची उभी नोकरी गेली. रहस्यपट पाहताना मी एखादी चूक दाखवली की ते विचारायचे, “किरकोळ आहे की मुळाशी जाते?” त्यांच्या कामातला हा रोजचा भेद होता. साक्षीत विसंगती असणारच, हे आपली न्यायालयं मानतात. खरं बोलणारा साक्षीदारही शर्टाचा रंग चुकतो, दहाच्या ठिकाणी साडेदहा सांगतो. उलट पाच साक्षीदार पाठ केल्यासारखे शब्दाला शब्द जुळवून बोलू लागले, तर पढवलेल्या साक्षीचा संशय येतो. किरकोळ विसंगतीने खटला पडत नाही. पण विसंगती घटनेच्या मुळालाच हात घालत असेल, तर आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. आल्माने पकडलेल्या त्या हालचालीबद्दलही सांगणारे वेगवेगळं सांगतात, म्हणून घटनाच खोटी ठरत नाही. मामांच्या या एका प्रश्नाने माझं चित्रपट पाहणं कायमचं बदललं. बाहुलीचा आकार किरकोळ आहे. खुनी कोंडलेल्या खोलीतून बाहेर कसा पडला, हा प्रश्न मुळाशी जातो.

‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधलं ते पेन घ्या. 1991 चा हा चित्रपट मला अतिशय आवडतो, म्हणूनच त्याचं उदाहरण देतो. हॅनिबल लेक्टर या कैदेतल्या खुन्याला उभ्या गाडीला पट्ट्यांनी जखडलंय, तोंडावर मुखवटा आहे. रुग्णालयाचा प्रमुख चिल्टन त्याच्याच खाटेवर ऐसपैस पडून त्याला डिवचतोय. चिल्टनच्या हातातलं पेन खाटेवर राहतं. कॅमेरा पेनावर जातो, लेक्टरची नजरही. पुढे विमानतळावर सही करायची वेळ येते तेव्हा चिल्टन खिसे चाचपतो आणि पेन सापडत नाही. त्यानंतर मेम्फिसमधल्या पिंजऱ्यात लेक्टर तोंडातून धातूचा एक बारीक तुकडा काढतो आणि हातकडी उघडतो. मांडणी देखणी आहे. पण हातपाय जखडलेल्या माणसाने खाटेवरचं पेन उचललं कसं? एवढ्या धोकादायक कैद्याला दुसऱ्या राज्यात हलवताना झडतीत ते सापडलं कसं नाही? थॉमस हॅरिसच्या मूळ कादंबरीत लेक्टर या किल्लीची तयारी फार आधीपासून करत असतो. चित्रपटाने ती सगळी तयारी एका नजरेत बसवली. पेनाकडे पाहणारी अँथनी हॉपकिन्सची नजर इतकी जबरदस्त आहे की, पेन त्याला मिळालं असं आपण मनोमन मान्य करून टाकतो. भोक तिथे आहेच. नटाने ते आपल्या ताकदीवर झाकलंय.

हिचकॉकला हे उत्तम समजत होतं. प्रेक्षक घरी जातो, रात्री खायला काहीतरी काढावं म्हणून फ्रिज उघडतो आणि तिथे उभ्या उभ्या त्याला अमुक गोष्ट कशी झाली हा प्रश्न पडतो. अशा प्रसंगांना तो फ्रिजपाशी आठवणारे प्रसंग म्हणायचा. प्रश्न तेव्हा पडला तर दिग्दर्शकाने आपलं काम चोख केलं, असं त्याचं मत होतं. ‘व्हर्टिगो’मध्ये नायिका हॉटेलच्या खोलीतून नाहीशी कशी होते, याचं उत्तर त्याने शेवटपर्यंत दिलं नाही आणि त्याची त्याला खंतही नव्हती. त्याच्या कलेपुढे मी नतमस्तक आहे. पण या एका बाबतीत मी त्या फ्रिजपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूचा आहे. दोन तासांची जादू ओसरल्यावरही ज्याची बुद्धी जागी राहते, त्याला पडलेला प्रश्न कथेने ऐकून घ्यायला हवा.

‘सेव्हन’चंच पाहा. सात पापांवर बेतलेले गुन्हे, वर्षभर आधीपासून आखलेले. आळसाच्या पापाची शिक्षा म्हणून एका माणसाला वर्षभर खाटेला बांधून ठेवलं आणि त्याच्या झिजण्याचे तारीखवार फोटो काढले. एवढी शिस्त असलेल्या खुन्याच्या घरापर्यंत पोलीस अवचित पोचतात, तेव्हा तो फोन करून आपल्या वेळापत्रकात बदल करावा लागणार असं सांगतो. म्हणजे मत्सर आणि क्रोध ही शेवटची दोन पापं ज्या रूपात आपल्याला दिसतात, त्या रूपात ती मूळ आराखड्यात असणं अवघड आहे. मग मूळ बेत काय होता? आणि ब्रॅड पिटने रंगवलेला तपास अधिकारी मिल्स गोळी झाडेल याची त्याला खात्री कशी? चित्रपट याचं उत्तर देत नाही. शेवट इतका सुन्न करणारा आहे की आपणही विचारत नाही. पण या प्रकारच्या बहुतेक कथांमधलं सगळ्यांत मोठं भोक इथेच दिसतं. खुन्याला सगळं आधीच ठाऊक असतं. पोलीस कोणत्या दाराने येतील, किती वाजता येतील, कोणाचा संयम कधी सुटेल, सगळं. लेखकाला जे जे जुळवायचं असतं ते तो खुन्याच्या बुद्धिमत्तेच्या नावावर टाकतो. असे चित्रपट एकामागून एक पाहत गेलं की आपल्याही मनात घट्ट बसतं, माणसं मारणारा माणूस असामान्य असतो आणि तो सापडत नाही याचं कारण त्याची हुशारी.

प्रत्यक्षात काय घडतं ते मुंबईने पाहिलंय. 1965-66 मध्ये पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगत झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्या 19 जणांवर हल्ले झाले, त्यांतले 9 जण दगावले. त्या काळात संशयावरून एक माणूस पोलिसांनी उचलला होता. दरोड्याच्या गुन्ह्यात तो शिक्षा भोगून आलेला होता, दप्तरी त्याची नोंद होती. ठोस पुरावा नाही म्हणून त्याला सोडून दिलं. 1968 मध्ये तसेच हल्ले पुन्हा सुरू झाले आणि उपनगरांतल्या माणसांची झोप उडाली. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला. ऑगस्ट 1968 मध्ये उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी फोटोवरून रस्त्यात ओळखून ज्याला पकडलं, तो हाच रमण राघव. त्याच्याजवळ चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद सापडले. कपड्यांवर रक्ताचे डाग होते. त्या सामानात कसलाही आराखडा नव्हता.

खुनी दोन वर्षांपूर्वीच पोलिसांच्या हातात होता आणि त्यांनी त्याला सोडलं, असं एखाद्या पटकथालेखकाने लिहून नेलं तर निर्माता म्हणेल, हे पटत नाही, बदला. पण ते तसंच घडलं. सोडणाऱ्यांना दोष देणंही मला सोपं वाटत नाही, कारण पुरावा नसताना माणसाला अडकवून ठेवायचं नाही हा नियम योग्यच आहे. रमण राघववर श्रीराम राघवन यांनी 1991 मध्ये रघुवीर यादवला घेऊन चित्रपट केला. 2016 मध्ये अनुराग कश्यपने ‘रमन राघव 2.0’ केला आणि हा चित्रपट त्या माणसाविषयी नाही असं सुरुवातीलाच पडद्यावर सांगितलं. ते मला प्रामाणिक वाटलं. जिथून कल्पना सुरू होते तिथे खूण करून ठेवणं, हे खऱ्या गुन्ह्याला हात लावणाऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे.

भोक दिसल्यावर ते बुजवण्याची घाई झाली तर काय होतं, हे मला कोरियाने शिकवलं. 1986 ते 1991 या काळात दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग भागात दहा बायका-मुलींचे खून झाले. बाँग जून-होने 2003 मध्ये त्यावर ‘मेमरीज ऑफ मर्डर’ केला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. या चित्रपटातला एक प्रसंग मी कधी विसरणार नाही. गावच्या पोलिसांना एक मतिमंद मुलगा संशयित म्हणून मिळतो. तो मेलेल्या मुलीच्या मागे फिरायचा, एवढं त्यांना पुरतं. शिपाईगिरीत मुरलेला पार्क त्या मुलाचा बूट मातीत दाबून ठसा उमटवतो, म्हणजे पुराव्यात कमतरता नको. मारहाण होते, कबुली घोकून घेतली जाते. मुलगा खुनाचे बारीकसारीक तपशील सांगतो तेव्हा सगळे खूश होतात. सोलहून आलेला तपास अधिकारी सो मात्र त्याच्या हातांकडे पाहतो. भाजून आक्रसलेले, नीट न वळणारे हात. प्रेताच्या गाठी त्याने पाहिलेल्या असतात. त्या गाठी हे हात बांधूच शकत नाहीत. त्या एका निरीक्षणाने मुलगा सुटतो. पुढे उलगडा होतो की मुलाला तपशील ठाऊक होते ते त्याने खून होताना पाहिला होता म्हणून. ज्याला आरोपी ठरवून झोडपलं तोच एकमेव साक्षीदार होता.

हा चित्रपट जगभर वाखाणला जात होता तेव्हा यून सुंग-यो नावाचा माणूस कोरियाच्या तुरुंगात होता. 1988 च्या सप्टेंबरात तेरा वर्षांच्या एका मुलीचा तिच्या घरातच खून झाला. त्या मालिकेतला हा आठवा. पुढच्या वर्षी यूनला पकडलं गेलं. तेव्हा तो 22 वर्षांचा होता, शेतीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानात काम करायचा. त्याला रात्र रात्र जागं ठेवून कबुली घेतली गेली. एका केसाची शास्त्रीय तपासणी पुरावा म्हणून पुढे आली. हा खून बाकीच्यांसारखा नव्हता, तर त्याचंही उत्तर तयार होतं. कोणीतरी मूळ खुन्याची नक्कल केली, असं ठरलं. जन्मठेप झाली. कबुलीप्रमाणे यूनने रात्री कुंपणाची भिंत ओलांडून घरात प्रवेश केला होता. यूनला लहानपणी पोलिओ झाला होता आणि त्याचा एक पाय अधू होता.

ही विसंगती मुळाशी जाणारी होती. ती कागदावर होती, डोळ्यांसमोर होती. पाय ओढत न्यायालयात आली होती. तरी ती मानायला कोणी तयार झालं नाही, कारण तोवर कथा पूर्ण झाली होती. जवळजवळ वीस वर्षं तुरुंगात काढून 2009 मध्ये यून पॅरोलवर बाहेर आला. 2019 मध्ये जुन्या पुराव्यांच्या डीएनए तपासणीत ली चून-जे याचं नाव निघालं. मेहुणीच्या खुनाबद्दल तो 1994 पासून तुरुंगातच होता. त्याने 14 खुनांची कबुली दिली, त्यांत हा आठवाही होता. पूर्वीच्या तपासात पोलिसांनी त्याचीही चौकशी केली होती. पण खुन्याचा रक्तगट बी असल्याचा त्यांचा समज होता आणि लीचा ओ निघाला, म्हणून तो सुटला. मुदतीच्या कायद्यामुळे 2006 नंतर त्याच्यावर या खुनांचा खटला भरणं शक्यच राहिलं नव्हतं. डिसेंबर 2020 मध्ये सुवॉनच्या न्यायालयाने यूनला निर्दोष ठरवलं आणि न्यायाधीशांनी त्याची माफी मागितली. लीने न्यायालयात सांगितलं की, ‘मेमरीज ऑफ मर्डर’ त्याने तुरुंगात पाहिला होता आणि तो पाहून त्याला काही वाटलं नव्हतं. इथे कोणतीही असामान्य बुद्धी नव्हती. चुकीचा धरलेला एक रक्तगट होता आणि हातात आलेली कथा पूर्ण करण्याची घाई होती.

म्हणून आता मला वाटतं, कथेतली भोकं शोधणारी नजर ही फावल्या वेळची करमणूक समजू नये. हे हात ही गाठ बांधतील का, हा पाय ही भिंत चढेल का, एवढे दोन साधे प्रश्न विचारायला तपासाची पदवी लागत नाही. ते विचारायची सवय लागते. ती सवय लावायला रहस्यकथेइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे चुकलं तर कोणाचा जीव जात नाही. लेक्टरच्या पेनाचा खल करून आपण लेक्टरला तुरुंगात पाठवत नाही. पण पेनाबद्दल अडून बसायला शिकलेलं मन उद्या वर्तमानपत्रातली कबुली वाचतानाही अडेल, पोलिसांनी चोवीस तासांत गुन्हा उकलला म्हणून टाळ्या वाजवण्याआधी थोडं थांबेल. आज एखाद्या खुनाची बातमी आली की संध्याकाळपर्यंत आरोपी, हेतू आणि घटनाक्रम सगळं जुळवून वाहिन्यांवर दाखवलं जातं. मधली भोकं ग्राफिक्सने भरलेली असतात. अशा वेळी कथा सलग आहे एवढ्यावरून ती खरी मानणं धोक्याचं आहे. खऱ्या घटनेत अशी जागा उरतेच, जिचं उत्तर आज मिळत नाही. ती उघडी ठेवणं अवघड असतं, पण प्रामाणिकपणा तोच आहे. बाँग जून-होने आपल्या चित्रपटाचा शेवट उघडा ठेवला, खोटा खुनी दाखवून प्रेक्षकांना समाधान दिलं नाही. सोळा वर्षांनी खरं नाव पुढे आलं तेव्हा त्या चित्रपटातलं काहीही मागे घ्यावं लागलं नाही.

तेव्हा चुका काढणाऱ्या प्रेक्षकाला गप्प करू नका. बाहुलीचा आकार चुकला तर हसून सोडून द्या, काम करणाऱ्या माणसांच्या हातून तेवढं होणारच. पण घरातलं कोणी चित्रपट थांबवून विचारत असेल की, बांधलेल्या माणसाला ते पेन मिळालं कसं, तर रसभंग झाला म्हणून चिडू नका. त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत त्याच्यासोबत विचार करा, आणि मुलांनाही तसं विचारू द्या. ह्वासाँगच्या न्यायालयीन कागदांवर सह्या करणाऱ्यांपैकी एकाने जरी त्या अधू पायाबद्दल असंच अडून विचारलं असतं, तर एका निरपराध माणसाची वीस वर्षं वाचली असती.